थिओडोसियस डोब्झान्स्की

थिओडोसियस ग्रिगोरोविच डोब्झान्स्की (२५ जानेवारी, इ.स. १९०० – १८ डिसेंबर, इ.स. १९७५) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ व उत्क्रांतिवादी जीवशास्त्रज्ञ होते. चार्ल्स डार्विन यांचा नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त आणि ग्रेगोर मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम यांची सांगड घालणाऱ्या आधुनिक संश्लेषणाच्या प्रमुख शिल्पकारांत त्यांची गणना होते. इ.स. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज हा ग्रंथ या संश्लेषणाचा पाया मानला जातो. कॅलिफोर्नियातील डोंगरांत आढळणाऱ्या रानटी फळमाश्यांवर त्यांनी अनेक दशके संशोधन केले. ऋतू, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमान यांच्याबरोबर कीटकांच्या समूहाची जनुकीय घडण बदलते, हे त्यातून प्रत्यक्ष निरीक्षणाने व प्रयोगाने सिद्ध झाले. उष्णतेच्या ताणाशी कीटक आनुवंशिक पातळीवर कसे जुळवून घेतात, या आजच्या अभ्यासाची एक महत्त्वाची परंपरा या संशोधनापासून सुरू होते.

प्रारंभिक जीवन

डोब्झान्स्की यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील, व आता युक्रेनमध्ये असलेल्या, नेमिरिव्ह या गावी झाला. त्यांचे वडील ग्रिगोरी हे गणिताचे शिक्षक होते. आईचे नाव सोफिया. या दांपत्याला बरीच वर्षे अपत्य नव्हते. त्यांनी चेर्निगोव्हचे संत थिओडोसियस यांना नवस केला होता, म्हणून मुलाचे नाव त्या संतावरून ठेवण्यात आले. इ.स. १९१० मध्ये हे कुटुंब कीव्ह येथे राहावयास गेले.

शालेय वयातच त्यांना फुलपाखरे गोळा करण्याचा छंद जडला. पुढे कीटक जमवणाऱ्या एका तरुण मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी फुलपाखरांऐवजी भुंगेऱ्यांच्या एकाच कुळाचा नेटाने अभ्यास करण्याचे ठरवले. हे कूळ म्हणजे ढालकिडे, अर्थात लेडीबर्ड भुंगेरे. त्यांचा पहिला शोधनिबंध इ.स. १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ढालकिड्यांची एक नवी जाती हा त्याचा विषय होता. त्या सुमारास रशियात राज्यक्रांती व यादवी युद्ध सुरू असून कीव्ह शहराचा ताबा एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे वारंवार जात होता. अशा अस्थिर काळात त्यांनी कीव्ह विद्यापीठातून इ.स. १९२१ मध्ये पदवी घेतली आणि तेथील पॉलिटेक्निक संस्थेत प्राणिशास्त्राचे अध्यापन केले.

एकाच जातीच्या ढालकिड्यांच्या पाठीवरील रंग व ठिपके प्रदेशागणिक बदलतात, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. एका प्रदेशात काळ्या किड्यांचे प्रमाण अधिक, तर दुसऱ्या प्रदेशात पिवळ्या-नारिंगी किड्यांचे. मात्र दोन्ही प्रकार बहुधा एकत्रच नांदत. वर्गीकरण करणाऱ्या अभ्यासकाला अडचणीची वाटणारी ही विविधता हाच उत्क्रांतीचा कच्चा माल होय, असे त्यांचे मत पुढे बनले.

लेनिनग्राड

ऑगस्ट १९२४ मध्ये त्यांचा विवाह नतालिया सिव्हर्त्सेवा यांच्याशी झाला. नतालिया या स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या आणि पुढे पतीच्या अनेक संशोधनमोहिमांत त्या सहभागी झाल्या. त्याच वर्षी डोब्झान्स्की लेनिनग्राड येथे युरी फिलिपचेंको यांच्या विभागात रुजू झाले. फिलिपचेंको यांनी तेथे फळमाशीवर काम करणारी प्रयोगशाळा उभारली होती. जातीच्या अंतर्गत होणारे लहान बदल व जातींच्या पलीकडे जाणारे मोठे बदल यांसाठी सूक्ष्म-उत्क्रांती आणि स्थूल-उत्क्रांती या अर्थाच्या संज्ञा फिलिपचेंको यांनी घडवल्या होत्या. इंग्रजी वैज्ञानिक लेखनात त्या रूढ करण्याचे श्रेय डोब्झान्स्की यांच्याकडे जाते. या काळात मध्य आशियातील घोडे व इतर पाळीव जनावरांच्या पाहणीसाठीही त्यांनी प्रवास केला.

अमेरिकेत आगमन

रॉकफेलर कुटुंबाच्या देणगीतून चालणाऱ्या इंटरनॅशनल एज्युकेशन बोर्डाची शिष्यवृत्ती मिळवून डोब्झान्स्की पतिपत्नी डिसेंबर १९२७ मध्ये न्यूयॉर्क येथे पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत ते काम करू लागले. मॉर्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीच्या साहाय्याने जनुके गुणसूत्रांवर ओळीने मांडलेली असतात हे दाखवून दिले होते. इ.स. १९२८ मध्ये मॉर्गन कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे गेले आणि डोब्झान्स्कीही त्यांच्याबरोबर तेथे गेले. इ.स. १९३६ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले व पुढील वर्षी त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

मायदेशी परतण्याचा मूळ बेत तोवर मागे पडला होता. सोव्हिएत संघात पुढे त्रोफिम लिसेन्को यांचे प्रस्थ वाढले, मेंडेलीय आनुवंशिकी निषिद्ध ठरली आणि अनेक आनुवंशिकीतज्ज्ञांचा छळ झाला. त्या देशातील अग्रगण्य वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांचा इ.स. १९४३ मध्ये तुरुंगात मृत्यू झाला. डोब्झान्स्की यांनी लिसेन्को यांचे एक पुस्तक इंग्रजीत भाषांतरित केले. त्या विचारांचा पोकळपणा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना मुळातूनच वाचता यावा, हा त्यामागील हेतू होता. ज्या देशात ते वाढले, तेथे त्यांचे पुन्हा जाणे कधीच झाले नाही.

प्रयोगशाळेतून डोंगरात

मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत बाटल्यांत वाढवलेल्या फळमाश्या वापरल्या जात. डोब्झान्स्की मूळचे निसर्गनिरीक्षक असल्याने त्यांचे लक्ष रानातील माश्यांकडे वळले. त्यांनी निवडलेली ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा ही जाती उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, विशेषतः डोंगराळ जंगलांत, आढळते. आंबवलेल्या केळ्यांचे आमिष ठेवून या माश्या पकडता येतात. त्या प्रामुख्याने पहाटे व सायंकाळी बाहेर पडत असल्याने संकलनाचे काम याच वेळी चाले.

या जातीच्या अळीच्या लालाग्रंथींतील गुणसूत्रे अवाढव्य असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. पट्ट्यांचा क्रम पाहून गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा बसला आहे काय, हे ओळखता येते. अशा बदलाला गुणसूत्रीय व्युत्क्रमण म्हणतात. या माशीच्या तिसऱ्या गुणसूत्रावर अशी अनेक व्युत्क्रमणे असल्याचे दिसून आले. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांच्यासह डोब्झान्स्की यांनी इ.स. १९३६ मध्ये या व्युत्क्रमणांवरून त्यांची वंशावळ मांडली. एका मांडणीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी साखळी जोडून गुणसूत्रांचा इतिहास उलगडण्याचा हा सुरुवातीचा प्रयत्न होता. या मांडण्यांना स्टँडर्ड, ॲरोहेड, चिरिकाहुआ, पाइक्स पीक, ट्री लाइन अशी नावे देण्यात आली.

व्युत्क्रमणाचे महत्त्व केवळ खूण म्हणून नाही. ज्या माशीला आईकडून एक मांडणी व वडिलांकडून दुसरी मांडणी मिळते, तिच्या अपत्यांत त्या पट्ट्यातील जनुकांची सरमिसळ जवळजवळ होत नाही. त्यामुळे व्युत्क्रमणाच्या आत असलेला जनुकांचा संच एखाद्या गाठोड्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतो. एखाद्या हवामानात परस्परपूरक ठरणारी जनुके अशा रीतीने एकत्र टिकू शकतात.

इ.स. १९३८ पासून डोब्झान्स्की यांनी नैसर्गिक समष्टींची आनुवंशिकी या विषयावर शोधनिबंधांची मालिका सुरू केली. तिच्यात एकूण ४३ निबंध प्रसिद्ध झाले. पहिल्या निबंधाचा विषय डेथ व्हॅली परिसरातील पर्वतरांगांवरील माश्या हा होता. तापलेल्या वाळवंटाने एकमेकींपासून तुटलेल्या या रांगा माश्यांच्या दृष्टीने जणू बेटेच होत. प्रत्येक रांगेवर व्युत्क्रमणांचे प्रमाण थोडे वेगळे आढळले. हा फरक निव्वळ योगायोगाने, म्हणजे जनुकीय अपवहनाने, पडला असावा, असे त्या वेळी डोब्झान्स्की मानत. गणितज्ञ-आनुवंशिकीतज्ज्ञ सीवॉल राइट यांच्या सिद्धान्ताशीही हे मत जुळत होते. व्युत्क्रमणांचा माशीच्या जगण्या-मरण्याशी काही संबंध नाही, असेच गृहीत धरले गेले होते.

सॅन जॅसिंटो पर्वतावरील निरीक्षणे

हे गृहीतक दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन जॅसिंटो पर्वतावर ढासळले. तेथील कीन कॅम्प, पिन्यॉन फ्लॅट्स व वाळवंटाच्या कडेचे आंद्रियास कॅन्यन या ठिकाणांहून डोब्झान्स्की यांनी काही वर्षे नियमितपणे माश्यांचे नमुने घेतले. व्युत्क्रमणे निरुपद्रवी व निरुपयोगी असती, तर त्यांचे प्रमाण वर्षभर साधारण सारखे राहिले असते किंवा कोणत्याही क्रमाशिवाय वरखाली झाले असते. प्रत्यक्षात पिन्यॉन फ्लॅट्स येथे एक ठरावीक लय दिसली. मार्चमध्ये स्टँडर्ड मांडणीची गुणसूत्रे सुमारे निम्मी असत. जूनपर्यंत ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरत आणि कडक उन्हाळ्यात पुन्हा वाढत. चिरिकाहुआ मांडणीचा क्रम नेमका उलटा होता; ती वसंतात वाढे व उन्हाळ्यात घटे. हिवाळ्यात फारसा बदल होत नसे. हेच चक्र पुढील वर्षी पुन्हा घडे.

एवढ्या नियमित बदलाचे स्पष्टीकरण योगायोगाने देता येणे शक्य नव्हते. इ.स. १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात डोब्झान्स्की यांनी आपले पूर्वीचे मत बदलले आणि हा नैसर्गिक निवडीचा परिणाम असल्याचे प्रतिपादन केले. नैसर्गिक निवडीचे परिणाम दिसण्यास हजारो वर्षे लागतात, असा समज तोवर सर्वसाधारण होता. येथे मात्र काही महिन्यांत, म्हणजे माशीच्या मोजक्या पिढ्यांत, निवड घडताना दिसत होती. 

समष्टी-पिंजरे आणि तापमान

रानातील निरीक्षणाला प्रयोगाची जोड देण्यासाठी डोब्झान्स्की यांनी समष्टी-पिंजऱ्यांचा वापर केला. फ्रान्समधील लेरिटिए व टेसिए यांनी हे साधन इ.स. १९३० च्या दशकात विकसित केले होते. पिंजऱ्यात हजारो माश्या मुक्तपणे प्रजनन करतात आणि ठरावीक काळाने अन्नाच्या कुप्या बदलल्या जातात. मधून मधून अंडी बाहेर काढून, त्यांतून निघालेल्या अळ्यांची गुणसूत्रे तपासली की समष्टीची घडण कळते.

राइट व डोब्झान्स्की यांनी इ.स. १९४६ मध्ये या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिन्यॉन फ्लॅट्स येथील माश्यांच्या वंशजांना २५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले असता, स्टँडर्ड मांडणीचे प्रमाण सुरुवातीला कमी असले तरी ते वेगाने वाढत गेले आणि ७० टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावले. उरलेला हिस्सा चिरिकाहुआ मांडणीचा राहिला. ती नाहीशी झाली नाही. पिंजरा १६.५ अंश सेल्सिअसला ठेवला असता मात्र दोन्ही मांडण्यांचे प्रमाण बदललेच नाही. उन्हाळ्यातील वाढ व हिवाळ्यातील स्थैर्य या दोन्ही गोष्टींशी हा निष्कर्ष जुळत होता.

प्रमाण मध्येच का स्थिरावते, याचेही उत्तर या प्रयोगातून मिळाले. दोन भिन्न मांडण्या असलेल्या, म्हणजे विषमयुग्मजी, माश्या २५ अंशांना दोन्ही समयुग्मजी प्रकारांपेक्षा सरस ठरत होत्या. त्यामुळे कोणतीही एक मांडणी दुसरीला पूर्णपणे हुसकावून लावू शकत नव्हती. याला संतुलित बहुरूपता म्हणतात. समूहातील विविधता हा दोष नसून बदलत्या परिस्थितीत उपयोगी पडणारी शिल्लक आहे, हा डोब्झान्स्की यांच्या पुढील विचारांचा गाभा याच प्रयोगातून आला.

वसंतातील चिरिकाहुआ मांडणीची वाढ मात्र केवळ तापमानाने स्पष्ट होत नव्हती. ऑस्ट्रेलियन परिस्थितिविज्ञानज्ञ बर्च यांनी इ.स. १९५५ मध्ये दाखवून दिले, की अळ्यांची दाटी नसताना त्याच २५ अंशांना चिरिकाहुआ मांडणीला लाभ मिळतो. वसंतात अन्न मुबलक व दाटी कमी असते, हे लक्षात घेता निरीक्षणाची संगती लागली. उष्णता, अन्न आणि गर्दी हे घटक एकत्रितपणे निवड घडवतात. त्यांपैकी एकाकडेच बोट दाखवणे पुरेसे नसते, असा याचा अर्थ होता.

उंचीनुसार होणारा बदल

सिएरा नेव्हाडा पर्वतातील योसेमिटी परिसरात डोब्झान्स्की यांनी पायथ्यापासून शिखराकडे जाणाऱ्या एका पट्ट्यात नमुने घेतले. सुमारे ८५० फुटांपासून १०,००० फुटांपर्यंतच्या या चढणीत स्टँडर्ड मांडणीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावरून एक-दशांशापर्यंत उतरले, तर ॲरोहेड मांडणीचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्यावरून निम्म्यापर्यंत चढले. याच परिसरातील मॅथर येथे उन्हाळ्यात स्टँडर्ड मांडणी वाढते व ॲरोहेड घटते, असेही दिसून आले. उष्ण ऋतूत डोंगरावरील माश्यांची जनुकीय घडण खालच्या उष्ण प्रदेशातील माश्यांसारखी होत होती. ठिकाण आणि काळ या दोन्ही दिशांनी मिळालेला हा पुरावा परस्परांना बळ देणारा होता.

दीर्घकालीन बदलांचीही त्यांनी नोंद घेतली. कॅलिफोर्नियात पूर्वी दुर्मीळ असलेली पाइक्स पीक मांडणी इ.स. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतर अनेक ठिकाणी झपाट्याने वाढली. या वाढीचे कारण त्यांच्या हयातीत निश्चित झाले नाही.

जातींची निर्मिती

स्यूडोऑब्स्क्युरा जातीच्या दोन वंशांचा संकर केल्यास त्यापासून होणारे नर वंध्य निघतात, हे ज्ञात होते. डोब्झान्स्की यांनी इ.स. १९३० च्या दशकात या वंध्यत्वामागील जनुकांचा माग काढला. एकमेकांपासून दुरावलेल्या दोन समूहांत स्वतंत्रपणे झालेले बदल आपापल्या ठिकाणी निर्धोक असले, तरी एकत्र आल्यावर बाधक ठरू शकतात, असे स्पष्टीकरण त्यांनी मांडले. हर्मन मुलर यांनीही हाच विचार विकसित केल्यामुळे तो दोघांच्या नावाने ओळखला जातो. यांपैकी एका वंशाला इ.स. १९४४ मध्ये ड्रॉसोफिला पर्सिमिलिस ही स्वतंत्र जाती म्हणून मान्यता देण्यात आली.

कोलंबिया विद्यापीठात इ.स. १९३६ मध्ये दिलेल्या जेसप व्याख्यानांतून त्यांचा १९३७ चा ग्रंथ आकाराला आला. राइट, फिशर व हॉल्डेन यांची गणिती मांडणी बहुतेक निसर्गनिरीक्षकांच्या आवाक्याबाहेरची होती. डोब्झान्स्की यांनी ती प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे सुबोध केली. अर्न्स्ट मायर व जॉर्ज गेलॉर्ड सिंप्सन यांसारख्या अभ्यासकांच्या पुढील लेखनाला या ग्रंथाने वाट करून दिली.

उत्तरायुष्य

इ.स. १९४० मध्ये डोब्झान्स्की कोलंबिया विद्यापीठात परतले व इ.स. १९६२ पर्यंत तेथे प्राध्यापक होते. इ.स. १९४३ पासून त्यांनी ब्राझीलला अनेकदा भेट दिली. साओ पाउलो विद्यापीठाच्या सहकार्याने उष्ण कटिबंधातील फळमाश्यांवर संशोधन करून त्यांनी तेथील आनुवंशिकीतज्ज्ञांची एक पिढी घडवण्यास हातभार लावला. इ.स. १९६२ ते १९७० या काळात ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत होते.

मुलर यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. बहुतेक जनुकांचे एकच उत्तम रूप असते व इतर रूपे हानिकारक असतात, असे मुलर यांचे मत होते. विविधता निवडीनेच टिकवली जाते, असे डोब्झान्स्की मानत. त्यांचे विद्यार्थी रिचर्ड लेवाँटिन यांनी हबी यांच्यासह इ.स. १९६६ मध्ये याच माशीच्या प्रथिनांचा अभ्यास करून, तपासलेल्या जनुकांपैकी सुमारे एक-तृतीयांश जनुके बहुरूपी असल्याचे दाखवले. मात्र यातील बरीचशी विविधता निवडीच्या दृष्टीने उदासीन असू शकते, असा सिद्धान्त मोतू किमुरा यांनी इ.स. १९६८ मध्ये मांडला आणि वादाला नवे वळण मिळाले.

मानवी समाजातील वंशभेदाच्या प्रश्नावरही त्यांनी विपुल लेखन केले. वंशविषयक युनेस्कोच्या १९५१ च्या निवेदनाच्या मसुद्यात त्यांचा सहभाग होता. जनुकीय विविधता ही जीवशास्त्रीय वस्तुस्थिती आहे, तर समता हे नैतिक व सामाजिक मूल्य आहे. पहिल्या गोष्टीने दुसरीला बाध येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ते पूर्वीय ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत वाढले होते. इ.स. १९७३ मध्ये जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात त्यांनी श्रद्धा व उत्क्रांती यांत अपरिहार्य विरोध नसल्याचे आणि उत्क्रांतीवाचून जीवशास्त्राला संगती लागत नसल्याचे प्रतिपादन केले.

इ.स. १९६८ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. पुढील वर्षी नतालिया यांचे निधन झाले. इ.स. १९७१ मध्ये ते आपले विद्यार्थी फ्रान्सिस्को आयाला यांच्यासमवेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत गेले आणि अखेरपर्यंत संशोधन करत राहिले. १८ डिसेंबर १९७५ रोजी हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासक सोफी को या त्यांच्या कन्या होत.

वारसा

डोब्झान्स्की यांच्या पद्धतीने घेतलेल्या जुन्या नोंदींना हवामानबदलाच्या काळात नवे मोल आले आहे. ड्रॉसोफिला सबऑब्स्क्युरा या जवळच्या जातीच्या तीन खंडांतील २६ समष्टींचा अभ्यास इ.स. २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही दशकांपूर्वीच्या नोंदींशी तुलना करता त्यांपैकी २२ ठिकाणी हवामान उष्ण झाले होते आणि त्या २२ पैकी २१ ठिकाणी उष्ण प्रदेशात आढळणाऱ्या व्युत्क्रमणांचे प्रमाण वाढले होते.

अतिउष्णतेत पेशी तग कशी धरते, याचा शोध दुसऱ्या वाटेने लागला. इटलीतील फेरुच्चो रितोसा यांना इ.स. १९६२ मध्ये, तापमान वाढवताच फळमाशीच्या लालाग्रंथींतील गुणसूत्रांवर विशिष्ट जागी फुगवटे आल्याचे आढळले. त्यांतूनच पुढे उष्माघात-प्रथिनांचा शोध लागला. एकाच कीटकाच्या गुणसूत्रांवर झालेले हे दोन अभ्यास परस्परपूरक आहेत. उष्मा-प्रतिसाद काही मिनिटांत, एका जीवाच्या आयुष्यात घडतो. डोब्झान्स्की यांनी दाखवलेला बदल पिढ्यांमधून, संपूर्ण समूहात घडतो. हा दुसरा बदल समूहात आधीपासून असलेल्या विविधतेवरच अवलंबून असतो. त्यामुळे लहान व एकसुरी झालेल्या समष्टींना वाढत्या उष्णतेशी जुळवून घेणे अवघड जाते. ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा जातीचा संपूर्ण जनुकसंच इ.स. २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. फळमाश्यांच्या जातींत हा मान मिळवणारी ती दुसरी जाती होय.

सन्मान

डोब्झान्स्की इ.स. १९४३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचे सदस्य व इ.स. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्य म्हणून निवडले गेले. त्यांना किंबर आनुवंशिकी पुरस्कार (१९५८), अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक (१९६४) आणि फ्रँकलिन पदक (१९७३) मिळाले. इ.स. १९४१ मध्ये ते जेनेटिक्स सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेचे अध्यक्ष होते.

प्रमुख ग्रंथ

जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज (१९३७)
हेरेडिटी, रेस अँड सोसायटी (१९४६, लेस्ली डन यांच्यासह)
मॅनकाइंड इव्हॉल्व्हिंग (१९६२)
द बायॉलॉजी ऑफ अल्टिमेट कन्सर्न (१९६७)
जेनेटिक्स ऑफ द इव्हॉल्यूशनरी प्रोसेस (१९७०)
जेनेटिक डायव्हर्सिटी अँड ह्यूमन इक्वॅलिटी (१९७३)